साडूची बिछायत

समोरच्या माणसाच्या मनात एखादी वस्तू घ्यायची इच्छा उगवली, तर ती मुळासकट उपटून त्याच्या हातात देण्याची जी कला माझ्या साडूला साधली आहे, ती उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला साधलेली नाही. आणि नेमकं याच माणसाने एके दिवशी ठरवलं, की आपण एकट्याने एक वस्तू बनवायची, एकट्याने विकायची आणि तिच्या जोरावर अकोल्यात संसार चालवायचा. मी विम्याचा एजंट. माझी सगळी हयात अमरावतीतल्या लोकांना, जे त्यांना नको आहे तेच त्यांना हवं आहे, हे पटवण्यात गेली. तेव्हा साडूने दुकान मांडल्याचं ऐकून मला काय वाटलं असेल? एखाद्या माळकऱ्याने मटणाची खानावळ काढल्याचं ऐकून वाटेल, ते वाटलं.

त्याच्या स्कूटरचीच गोष्ट घ्या. जुनी स्कूटर विकायला काढली होती. गिऱ्हाईक आलं, त्याने गल्लीत चक्कर मारली, गाडी पसंत पडली, हात खिशाकडे चालला. तेवढ्यात साडूने त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "दिसते चांगली. पन थंडीत सुरू होत नाही अन् उन्हाळ्यात बंद होत नाही. तुमच्या उंचीच्या माणसाची तर पाठच धरन."

गिऱ्हाईक म्हणालं, "मले नाही, बायकोसाठी पायजे."

"बायकोवर काही राग आहे का तुमचा?"

माणूस चहा संपवून निघून गेला. माझी बायको तिथेच होती. ती म्हणाली, "भाऊजी, मंग विकाले काढलीच कायले?"

"विकाचीच आहे ताई," साडू म्हणाला. "पन सगळं माहीत असून बी ज्याले घ्याची असन, त्याले."

असा माणूस अजून भेटायचा आहे. स्कूटर अंगणात आहे. एकदा तर त्याने माझ्याच पोटावर पाय आणला. एका लग्नाच्या मांडवात मी एक आसामी घोळात घेतली होती, सहीपुरता पेन शोधत होतो, आणि साडूने कागद उचलून शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला घेतली. आसामी पंगतीला म्हणून उठली ती परत आली नाही. पुढे कितीतरी दिवस मी साडूशी बोललो नाही. खरं सांगायचं तर ती अक्षरं मीही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा मूर्तिजापूरचा, शिकला अमरावतीत, नोकरीला लागला पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. आमच्याकडे यापुढची गोष्ट ठरलेली असते: पुण्यात फ्लॅट, फ्लॅटला गॅलरी आणि गॅलरीत उभं राहून दिवाळीला 'या वर्षी जमत नाही' असा फोन. साडूने मात्र काही वर्षांनी राजीनामा दिला आणि साळीची, म्हणजे त्याच्या बायकोची, शाळेतली नोकरी जिथे होती, त्या अकोल्यात येऊन राहिला. कारण विचारलं तर म्हणे, "पुण्यात मले थंडी वाजते." अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल अकोलेकरांना जो एक विचित्र अभिमान असतो, तो साडूला जरा जास्तच आहे. मे महिन्यात तो पाय बादलीभर पाण्यात, डोक्यावर ओला दुपट्टा आणि कूलरचं तोंड स्वतःकडे नव्हे तर लॅपटॉपकडे करून बसतो. म्हणतो, "मले घाम येते, त्याले येत नाही. बिचारा सांगन कोनाले?" एकदा परदेशातल्या कुणा माणसाशी त्याचं व्हिडिओवर बोलणं चालू होतं. ते झाल्यावर कळलं, की डोक्यावरचा ओला दुपट्टा पाहून त्या भल्या गृहस्थाने पहिली काही मिनिटं त्याच्या तब्येतीचीच चौकशी केली होती.

त्याचा दुसरा गुण म्हणजे तयारी. एकदा केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करणं त्याला पाप वाटतं. त्याच्या दाराशी खुंटीला तीन पिशव्या कायम भरलेल्या असतात: एक लग्नाची, एक दवाखान्याची, एक मयतीची. फोन आला की पिशवी काढायची आणि बसस्टँड गाठायचं. लग्नाच्या पिशवीत फेटा, आहेराची पाकिटं आणि अपचनाच्या गोळ्या. मयतीच्या पिशवीत पांढरी टोपी, टॉवेल आणि बिस्किटांचा पुडा. दर्यापूरला एका नातलगाच्या अंत्ययात्रेत तो घाईत चुकीची पिशवी घेऊन पोचला. स्मशानात टोपी समजून हात घालतो, तर बाहेर आला गुलाबी फेटा. दुसरा कुणी असता तर शरमेने मेला असता. साडूने घरी येऊन तिन्ही पिशव्यांना तीन वेगवेगळ्या रंगांच्या नाड्या बांधल्या आणि मला म्हणाला, "भाऊ, चूक फेट्याची नव्हती. रचनेची होती."

तर या माणसाने जी वस्तू बनवली तिला त्या धंद्यात 'स्टार्टर किट' म्हणतात. ती काय भानगड आहे हे मला समजवायला त्याने एक अख्खा रविवार खर्च केला. कुणालाही स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं असलं, मग ते डॉक्टरसाठी असो की किराणा दुकानासाठी, तर सुरुवातीचं काम सगळ्यांचं सारखंच असतं. माणसं आत घ्यायची, त्यांची ओळख पटवायची, पैसे भरून घ्यायचे, बिल द्यायचं, पासवर्ड विसरलेल्याची समजूत काढायची. प्रत्येक जण हे सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधत बसतो आणि मूळ कामाला हात लागायच्या आतच थकतो. साडूने हे सगळं एकदाच, नीट बांधून ठेवलं. "लग्नात आपन काय करतो?" त्याने मला विचारलं. "मांडव, सतरंज्या, गंज, पराती घरी बनवत बसतो का? मूर्तिजापूरच्या चाचाकडून बिछायत आनतो. नवरा-नवरी तेवढी आपली." चाचा म्हणजे त्याच्या बालमित्राचे वडील. मूर्तिजापुरात त्यांचं बिछायत केंद्र आहे आणि साडूचं लहानपण त्यांच्या सतरंज्यांच्या गठ्ठ्यांवर उड्या मारण्यात गेलं. म्हणून किटचं नावही 'बिछायत'च. मी 'महाशक्ती प्रो' सुचवलं होतं. त्यावर त्याने मला आणखी चहा दिला.

बांधायला त्याला वर्षाहून जास्त लागलं, कारण चाचांच्या केंद्रात जशी प्रत्येक परात परत आल्यावर वाजवून बघतात, तशी हा आपली प्रत्येक ओळ वाजवून बघत होता. पण खरी मजा आली ती विकायची वेळ आल्यावर. विक्रीचं पान त्याने स्वतः लिहिलं, आणि त्या पानावरचा पहिला मथळा होता: हे कोणी घेऊ नये. खाली सविस्तर यादी. ज्यांना अमुक हवं त्यांनी घेऊ नये, ज्यांना तमुक येत नाही त्यांनी घेऊ नये, ज्यांना घाई आहे त्यांनी तर मुळीच घेऊ नये. घ्यायचं बटण पानाच्या पार तळाशी, लाजून बसलेलं.

मी म्हणालो, "बाप्पा, हे विकून राहिला का हाकलून राहिला? वरतीच लिही: त्वरा करा, शेवटचे काही नग शिल्लक."

"भाऊ, याचे नग नसतात. हे संपतच नाही."

"हे गिऱ्हाइकाले कुठं माहीत आहे?"

"मले माहीत आहे ना."

विम्याच्या जाहिरातीत असतं तसं एखादं हसरं कुटुंब तरी टाक, असंही मी सुचवलं. साडू म्हणाला, "हे घेनारा मानूस हसत नसते."

इथवर सगळी गंमत होती. एके दिवशी मात्र साळीने मला बाजूला घेतलं. पुण्याची जुनी कंपनी साडूला परत बोलावत होती. जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवणार होती, त्यानंतर नाही. आणि नवरा-बायकोचं आपसात ठरलं होतं, की दसऱ्याच्या आत एक गिऱ्हाईक मिळालं तर अकोल्यात राहायचं, नाहीतर पुण्याचं बिऱ्हाड. पण ते गिऱ्हाईक परकं पाहिजे.

"परकं म्हणजे?" मी विचारलं.

"नात्यातलं नाही, वळखीचं नाही, वळखीच्याच्या वळखीचं बी नाही," साळी म्हणाली. "वळखीच्याले आपन आवडतो जिजाजी. परक्याले फक्त वस्तू आवडते. त्यायले तेच पाहाचं आहे, अन् मले बी. एक जन बी आपल्या मनानं घेईन, तर मी मांगं लागनार नाही." मग हळूच म्हणाली, "मले काही पुन्याले जाची हौस नाही. पन त्यायले असं आशेवर किती दिवस बसवू मी?"

मी तिला धीर दिला आणि मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. आता इथे माझा स्वभाव लक्षात घ्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एकाही परक्या माणसाला विमा विकलेला नाही. विमा आधी सासऱ्याला विकायचा, मग मेहुण्याला, मग मेहुण्याच्या साहेबाला, ही आमची रीत. परका, परका असं ती म्हणाली खरं, पण माझ्या कानाने ते आपल्या सोयीने घेतलं: बोहनी आपल्यांनी करायची, गर्दी दिसली की परके मागोमाग येतातच.

साडूने आपलं किट एका सकाळी जगापुढे ठेवलं. बटण दाबलं आणि बाजारातून वांगी घेऊन आला. इंटरनेटवर त्याच्या धंद्यातली मंडळी जिथे जमतात अशा एका जागी त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. कुणी विचारी, माझ्या कामाला हे चालेल का? साडू दोन दिवस विचार करून भलंमोठं उत्तर लिही, त्याचा सारांश एकच: नाही. फिनलंडच्या का कुठल्या एका माणसाला त्याने असंच कळवलं, की तुमच्या कामाला यात तीन गोष्टी कमी पडतील, आणि त्या कमी गोष्टी कुठे मिळतील तेही सांगितलं, फुकटात.

इकडे मी जीप पकडून आवतनं द्यायला निघालो. आमच्याकडे नुसत्या छापील पत्रिकेला मान नाही. घरी जाऊन, पाट मांडून बसून, तोंडाने आवतन द्यावं लागतं. मोर्शीला आमचे मामेसासरे आहेत, बायकोचे आणि साळीचे मामा, संत्र्याचे मोठे बागाईतदार. त्यांना म्हणालो, "जावयानं दुकान मांडलं. आपलं एक असावं." मामांनी काय दुकान, कसलं दुकान, एका शब्दाने विचारलं नाही. मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब तूच." मूर्तिजापुरात चाचांनी तर कौतुकाने डोळेच पुसले. "मेरे बिछायत का नाव दिया पोट्ट्यानं? मंग तो दोन पायजे! एक माहा, एक चाचीचा!" सगळ्या घरांमधून बटणं मीच दाबली. अमरावतीला परतलो तेव्हा मला वाटत होतं, की आता अकोल्यात पेढे वाटले जात असतील.

फोन आला, पण पेढ्यांचा नाही.

"भाऊ," साडूचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक झालेला ऐकला. "मोर्शीच्या मामाले संत्र्याच्या बागेत पासवर्ड विसरनाऱ्याची सोय काहून पायजे?"

मी म्हणालो, "अरे, आहेर समज."

"दुकानात आहेर नसते भाऊ."

आणि त्याने त्याच दिवशी सगळ्यांचे पैसे परत पाठवले. त्याच्या हिशेबाने हा प्रामाणिकपणा होता. पण वऱ्हाडात दिलेला आहेर परत करणं म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको. मोर्शीहून मामांचा फोन मलाच आला, आणि तो उचलून मी तो बायकोच्या कानाला लावला. चाचांनी तर निरोप पाठवला, की आमच्या बिछायतीला आजवर कुणी परत पाठवलेलं नाही.

मग मी आणि साडू, दोघं मिळून माफी मागायच्या दौऱ्यावर निघालो. मामा ओट्यावर बसले होते. आमच्याकडे न पाहता म्हणाले, "या. पैसे वापस कराले आले का मानसं?"

साडू त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, "मामाजी, तुमी मले जावई मनून घेतलं. तुमी घेतलं तर माही वस्तू चांगली का वाईट, हे मले समजनच कसं? तुमच्या संत्र्याले घरचेच वा वा मनले तर तुमी बाजारात भाव सांगान का?"

मामांनी यावर बराच वेळ सुपारी कातरली. त्यांच्या बागेतलं फळ ते घरात कुणाला चाखून बघू देत नाहीत. परप्रांताचा व्यापारी झाडाखाली उभा राहून फोडून खातो, त्याचंच खरं मानतात. ते उठले, पानाआडची हिरवट संत्री पिशवीभर तोडून आणली आणि साडूच्या मांडीवर ठेवली. "हे घेऊन जा. अन् हे वापस आनशीन तर तंगडं तोडीन." मूर्तिजापुरात चाचांची समजूत पटायला मात्र पोटभर जेवावं लागलं. "परका गिऱ्हाक पायजे तुले?" चाचा म्हणाले. "अबे, मी इतके वर्स बिछायत देऊन राहिलो, पहिल्या वर्साले सारे परकेच होते. आता सारेच घरचे झाले, वसुली बंद झाली!"

परतीच्या गाडीत साडू हसला नाही. दसरा जवळ आला होता आणि परकं कुणी आलं नव्हतं. मी अकोल्याला गेलो, तर साळी रिकामी खोकी जमवत होती आणि साडूने कूलर खाली उतरवून, धुऊन, वाळवून जुन्या चादरीत बांधला होता. "पुन्यात याचं काम नाही," तो म्हणाला. "तुमी घेऊन जा. पन मोटार आवाज करते, आतापासून सांगून ठेवतो." घरात कुणी रडत नव्हतं, भांडत नव्हतं. साडूने आपलं विक्रीचं पान पुन्हा उघडलं होतं आणि मला वाटलं, आता तरी वरचा मथळा काढतो. तो तिथे एक ओळ वाढवत होता. वापरून बघताना त्यालाच आणखी एक उणीव सापडली होती.

मी त्या दिवशी त्याला काही शिकवलं नाही. माझ्या आयुष्यात असे दिवस थोडे आहेत.

दसऱ्याला दोनतीन दिवस उरले असताना सकाळीच साडू अमरावतीला आमच्या दारात हजर. येताना फोन नाही, हातात पिशवी नाही. बायकोला वाटलं कुणाचं बरंवाईट झालं. तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. हे तुमीच ना?"

"काय मीच?"

"काल एक जनानं घेतलं. फिनलंडचा. ज्याले मी घेऊ नका मनलं होतं, तोच. तुमीच कोनाले तरी सांगून घ्याले लावलं."

"बाप्पा, मले फिनलंड नकाशात दाखवता येत नाही!"

"मोर्शीतले बटनं तुमीच दाबले होते."

"देवाची शपथ!"

"देवाची तुमी विम्यात बी खाता."

हे बरोबर होतं. माझी बायको मधे पडली, तिने माझ्यासाठी साक्ष दिली, पण नवऱ्याच्या बाजूने बायकोची साक्ष साडू धरेना. त्याने माझा फोन मागून घेतला, सगळा उलटापालटा तपासला. त्यात काही सापडलं नाही, तरी त्याचा चेहरा सुटेना. ज्या गोष्टीसाठी त्याने इतके दिवस श्वास रोखून धरला होता, ती समोर आली असताना त्याला ती माझ्या हातची वाटत होती. गंमत करायची माझी सवय इतकी महागात पडलेली मी कधी पाहिली नव्हती. खरं बोलत होतो आणि खरं बोलल्यासारखा दिसत नव्हतो.

एवढ्यात त्याचाच फोन किणकिणला. त्या माणसाची मेल होती. साडू उभ्या उभ्या वाचू लागला. वाचता वाचता खुर्चीत बसला. मी विचारलं, "काय मनते?"

"शिव्या देऊन राहिला."

"अं?"

"सभ्य शिव्या. मनते, आमच्याकडे रात्री उशिरा बिल केलं की त्याच्यावर उद्याची तारीख पडते. घड्याळ भारताचं धरलं तुमी, दुसऱ्या देशातला मानूस कोन्या घड्याळावर जगते याचा इचारच नाही केला." साडूने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याच्या तोंडावर हळूहळू जे पसरत गेलं, ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "अन् बरोबर आहे त्याचं. साफ चूक आहे माही. कोनालेच दिसली नव्हती." मग माझ्याकडे पाहून, अतिशय प्रेमाने म्हणाला, "भाऊ, माफ करा. हे तुमी नाही. तुमाले हे सुचनं शक्यच नाही."

इतक्या स्वच्छ शब्दांत माझ्या बुद्धीला कुणी आजवर प्रशस्तिपत्र दिलेलं नाही, आणि ते ऐकून इतका आनंदही मला कधी झालेला नाही. बायको चहा टाकायला गेली. साडूने तो घेतला नाही. "मले चूक दुरुस्त कराची आहे," म्हणाला आणि मिळेल त्या गाडीने अकोल्याला पळाला. साळीला बातमीसुद्धा माझ्या बायकोनेच दिली. "मंग माहे खोके काय करू आता?" असं म्हणून ती फोनवर जी रडायला लागली, ती थांबेचना.

दसऱ्याला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. सोनं वाटलं, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. साडू आम्हाला बसस्टँडवर सोडायला आला. सामान वर टाकलं, खिडकीची जागा मिळाली, पण ड्रायव्हर चहाला गेलेला, गाडी हलेना. ऊन चांगलंच होतं. साडू खिडकीखाली उभा. मी म्हणालो, "जा ना बाप्पा घरी, कायले तापून राहिला?"

"जातो ना," तो म्हणाला. "गाडी तर हालू द्या."

माझा मुलगा बंगळुरूला असतो, पुतणी परदेशात, शेजारच्यांची दोन्ही पोरं पुण्यात. त्यांच्या गाड्या सुटताना अमरावतीच्या फलाटावर उभं राहून हात हलवायची आता आम्हाला सवय झाली आहे. आपण गाडीत आणि कुणी तरुण माणूस खाली उभा, असं बसून किती वर्षं झाली, ते आठवायचा मी प्रयत्न करत होतो. बायको शेजारून म्हणाली, "खिडकी लावून घ्या, ऊन येऊन राहिलं." मी लावली नाही. ड्रायव्हर आला, गाडी सुरू झाली, आणि साडू गाडीच्या अंगाला हात टेकवून, ती वळेपर्यंत, चार पावलं सोबत चालत आला.